चार मीटरच्या आत

फोन म्हणतो, चार मीटरच्या आत.
चार मीटर म्हणजे पारसिकच्या टेकडीवर
करवंदीची एक जाळी, दोन फुटके पाइप,
कुणी टाकून दिलेलं थर्माकोलचं मखर,
आणि माझे बाबा, हसुराम पोशा म्हात्रे,
वय चौऱ्याहत्तर, गुडघे त्याहून वडील.

त्यांना इथवर आणायचं तर
शनिवारपासून समजावावं लागलं.
डबी असते, म्हटलं, कुणीतरी लपवलेली.
तिचे अक्षांश-रेखांश सगळ्यांना ठाऊक.
आपण जायचं, शोधायची,
आतल्या कागदावर नाव लिहायचं
आणि होती तिथेच ठेवून यायचं.
"लपवाचा, न वर सांगाचा कुठं लपवलाय?
ह्यो कसला गो खेल?"
मग बराच वेळ गप्प. मग,
"टोपी दे माजी."

बाबा सर्व्हेत खलाशी होते.
बोटीशी संबंध नाही. दुर्बीण साहेबाची,
साखळीचं टोक खलाशाचं.
लाल-पांढरी काठी धरून ते उभे राहिले
करावे ते घणसोली, बांधाबांधावर,
एकदा आमच्याही.
त्या दिवशी काठी हलत होती, आई सांगायची.
बाबा म्हणतात, वारा होता.

मला डबी सापडत नाही.
दगड उचलते, विंचू बघते, दगड ठेवते.
नऊ मीटर. तीन. अकरा.
फिरायला आलेले काका थांबतात : काही हरवलं का?
हो, अंगठी.
या खेळात एवढं खोटं चालतं.

बाबा फोनकडे बघतसुद्धा नाहीत.
खाडीकडे पाठ करून, एक डोळा मिटून
समोरच्या डोंगराची सोंड धरतात,
थोडे डावीकडे सरकतात, सात पावलं येतात
आणि चपलेने पाला बाजूला करतात.

दगड.
वर कोरलेला बाण, बाणाच्या टोकाशी आडवी रेघ,
आणि एक आकडा, शेवटचा अंक उडालेला.
"आमी बसवला. मी न गोवारीचा धाकल्या.
खाली कोलसा पुरलाय. दगड कुनी नेला
तरी कोलसा सांगतो."

डबी दगडाच्याच पोटाशी होती,
मातकट चिकटपट्टी गुंडाळलेली.
आत कागदाची सुरळी, बोटभर पेन्सिल, शिट्टी,
आणि एक लाकडी कासव,
गळ्यात पत्र्याचा बिल्ला, बिल्ल्यावर नंबर.
चिठ्ठीत : मी चंद्रपूरहून निघालो. मला खारं पाणी दाखवा.
नंबर वाच, म्हटलं बाबांना.
त्यांनी एकेक अंक सुटा करून
इतक्या मोठ्याने वाचला
की पलीकडच्या टेकडीवर
कुणी वही घेऊन बसलं असावं.

काही घेतलं तर काही ठेवायचं असतं.
मी पर्स उघडेपर्यंत
त्यांनी चाव्यांच्या जुडग्यातून काढलं
ते तीन दातांचं पितळी पान,
लहानपणी ज्याने मी बाहुलीचे केस विंचरायचे.
बाबा, ते नको.
"साखली मोडीत गेली कवाच. ह्यो का ठेवू?"

कासवाला घेऊन दिवाळ्याच्या जेट्टीवर गेलो.
ओहोटी. सगळा चिखल.
मी फोटो काढायला फोन उगारला
तर म्हणाले, थांब, येल पानी.
थांबलो. साडेतीन तास. दोन वेळा वडापाव.
ते फोटोत आलं नाही.

मार्गशीर्षात मी एकटीच वर गेले.
पितळी पान नव्हतं.
कागदावर गोल, शाळकरी अक्षरात,
छोटा कंगवा नेला. गोटी ठेवली.
नाव नाही. त्या पानाला नंबरही नव्हता,
आता त्याचा माग लागायचा नाही.

घरी आले तर बाबा कोलीम निवडत होते.
सांगितलं.
"कंगवा?" म्हणाले, आणि हसता हसता ठसका लागला.
पाणी दिलं. बराच वेळ निवडत राहिले.
मग म्हणाले, वर न बघता,
"तीन दात. पंधरा मीटर.
मदलाच हाय तो.
इकरून मोज, न्हाय त तिकरून."